उजव्या गुडघ्यावरचा डाग

व्हर्ना ओल्के कोण, हे आमच्या हार्पर्स बेंडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. मैदानाच्या कडेच्या हिरव्या दारातून साबणाचा आणि गरम कापडाचा वास आला, की समजायचं व्हर्ना आत आहे. सत्तावीस उन्हाळे तिनं गावच्या कॅटफिश या बेसबॉल टीमचे कपडे धुतले. आमचे खेळाडू टीव्हीवर दिसणारे कोट्यधीश नव्हेत. वीस-बावीस वर्षांची पोरं, पगारी म्हणायची एवढंच. बसमध्ये झोपायचं, डब्यातलं मटण-बीन खायचं आणि वरच्या टीममधून बोलावणं येईल म्हणून वाट बघायची. त्यातली बहुतेक परत घरीच जातात.

व्हर्ना म्हणायची, "मला माणसाचं तोंड बघावं लागत नाही. पँट दाखव, स्वभाव सांगते." कोण मांडीला तंबाखू पुसतो, कोण जमिनीवर अंग टाकायला घाबरतो, सगळं तिला डागांवरून कळे.

लेव्हन टिलरीचा डाग ठरलेला होता. उजव्या गुडघ्यावर, बिस्किटाएवढा, गोल. लेव्हन आमचा चेंडू टाकणारा, अलाबामाचा, उंच आणि मवाळ बोलणारा. प्रत्येक डावाआधी तो चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यामागे जायचा, टोपी काढून छातीशी धरायचा, उजवा गुडघा टेकायचा आणि दहा आकडे होईतो डोळे मिटून राहायचा. नऊ डावांचा सामना असला तरी डाग एकच, कारण गुडघा दर वेळी त्याच जागी टेकायचा.

"देवाला सांग, इथली लाल माती निघता निघत नाही," व्हर्ना ब्रश घासत त्याला म्हणायची. "उभ्यानं बोललास तरी ऐकू जाईल त्याला."

"मिस व्हर्ना, उभ्यानं मागितलं तर आमची आजी कानाखाली द्यायची."

"मग आजीला पाठव कपडे धुवायला."

व्हर्ना स्वतः चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारी. देव आहे का नाही या वादात ती पडत नसे. पण दर रविवारी सामन्याआधी पंधरा मिनिटांची प्रार्थना तिच्याच धुण्याच्या खोलीत व्हायची, कारण नीट लागणारं दार तेवढं एकच होतं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे डेल फ्रीस बायबल घेऊन यायचे, आठ-दहा पोरं कपड्यांच्या टोपल्या उलट्या करून त्यांवर बसायची, आणि व्हर्नाला मशिनं बंद ठेवावी लागायची. ती कुरकुरायची, पण टोपल्या आधीच रिकाम्या करून ठेवलेल्या असायच्या.

आम्हा प्रेक्षकांच्या बाकांवर मात्र यावरून दोन तट होते. माझ्या मागे हार्लन फोग्ट बसायचा, निवृत्त पोस्टमन, आणि शेजारी त्याची बायको आर्डिथ.

"देवाला एवढी फुरसत असती, तर माझ्या मक्यावर गारा कशाला पडल्या असत्या?" हार्लन म्हणायचा.

"तुझ्या मक्याकडे बघण्यासारखं काय आहे? या पोराच्या चेंडूला तो वेग कोण देतं, सांग."

"खांदा देतो!"

"आणि खांदा कोण देतं?"

"बाई, शेंगा खा."

लेव्हन आला त्या वर्षीच्या जूनमध्ये एका पंचानं लेव्हनला, "हे चर्च नाही, आटप" असं म्हटलं आणि सगळ्या मैदानानं त्याची अशी हुर्यो उडवली, शेंगांची टरफलं अशी फेकली, की पुन्हा कुठल्याही पंचानं तोंड उघडलं नाही. सगळ्यांत मोठ्यानं हार्लनच ओरडला होता. त्यानंतर रिवाजच पडला. लेव्हनचा गुडघा टेकला, की दीड-दोन हजार माणसं गप्प. पुरुष टोप्या काढायचे. त्याच्या प्रार्थनेत कुणी मधे येणार नाही, हा आमच्या गावाचा मान होता.

जुलैतल्या एका शुक्रवारी समोरच्यानं मारलेला चेंडू सरळ लेव्हनच्या डोक्याला चाटून गेला. कानाच्या वर. टोपी उडाली. तो खाली बसला, मग उठला आणि बोट आकाशाकडे केलं. काय टाळ्या! आर्डिथच्या डोळ्यांत पाणी. "बघितलंस? देवानं हात मधे घातला!" या खेपेला हार्लननंही मान डोलावली. टीमच्या माणसानं लेव्हनला आज वार कोणता ते विचारलं, त्यानं बरोबर सांगितलं, आणि तो आणखी एक डाव खेळला.

शनिवारी दुपारी त्याच्या पिशवीच्या तळाशी व्हर्नाला घडी घालून दडवलेला टॉवेल सापडला. त्यात ओकलेलं होतं.

"लेव्हन, हे काय?"

"काल मका जास्त झाला."

"सत्तावीस वर्षांत मका बाधलेला पोरगा पाहिला नाही मी. डोकं दुखतंय?"

त्यानं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "थोडंसं. मिस व्हर्ना, उद्या वरच्या टीमचा माणूस येतोय मला बघायला. कळलं तर बसवतील. तुम्ही सांगू नका. देवानं शुक्रवारी वाचवलं ते उगाच नाही."

व्हर्नानं टॉवेल मशिनमध्ये टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. नंतर ती मला म्हणाली, "त्याच्या विश्वासापुढे माझी भीती मला हलकी वाटली. तेवढंच चुकलं बघ माझं." मला ते तेवढंच वाटत नाही, पण तिच्या जागी मीही गप्प बसले असते.

रविवारी प्रार्थनेच्या वेळी फ्रीसांनी नेहमीसारखं विचारलं, कुणासाठी काही मागायचंय का? लेव्हन दर वेळी कुणाचं तरी नाव सांगायचा, बहिणीचं, बस चालवणाऱ्याचं. त्या दिवशी तो बोललाच नाही. अजून गरम असलेल्या ड्रायरला डोकं टेकून बसला होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा पोरगा ऊब शोधत होता. व्हर्नानं ते पाहिलं.

सामन्याच्या वेळी तिच्याकडे ढीगभर काम असतं. त्या दिवशी तिनं मशीन लावलंच नाही. ओला टॉवेल पिळत ती हिरव्या दारात उभी राहिली. पहिला डाव: टोपी काढली, उजवा गुडघा. तिनं श्वास सोडला. दुसरा: तसंच. तिसऱ्याला टोपी काढायला वेळ लागला आणि उठताना त्यानं हात जमिनीला टेकला. लेव्हन कधीच हात टेकत नसे. टीमचा मॅनेजर दहा पावलांवर उभा होता. सांगू? आणि काहीच नसलं तर? एका पोराचं आयुष्य एका धोबिणीनं नासवलं म्हणतील. तिनं टॉवेल आणखी पिळला.

चौथ्या डावाआधी लेव्हन उंचवट्यामागे गेला आणि खाली बसला.

मैदान गप्प झालं. टोप्या उतरल्या. मीही मान खाली घातली.

"आज जरा लांबतंय," हार्लन कुजबुजला.

"वरचा माणूस आलाय ना, जास्त मागत असेल," आर्डिथ म्हणाली, आणि मला हसू आलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पंचानं घड्याळ बघितलं, मग प्रेक्षकांकडे बघितलं आणि मान वळवली. चेंडू झेलणारा कॅचर जागेवरच थांबला. झेंड्याच्या दोरीचा खांबावर टक टक आवाज येत होता, एवढी शांतता.

तेवढ्यात हिरव्या दारातून एक बाई पळत सुटली. एकसष्ट वर्षांची, कंबर धरलेली, अंगावर ओला एप्रन. खेळाडू ज्या पांढऱ्या रेषेवर अपशकुन म्हणून पाय देत नाहीत, ती तुडवत व्हर्ना मैदानात शिरली.

"ए बाई! वेड लागलं का?"

"बाहेर काढा तिला!"

"निदान प्रार्थना तरी करू द्या त्याला!"

मीही म्हणाले, "व्हर्ना, अगं शू!" आपल्या मैत्रिणीला, सगळ्यांदेखत.

"तो प्रार्थना करत नाहीये!" ती ओरडत होती. "टोपी बघा! टोपी डोक्यावर आहे! दोन्ही गुडघे टेकलेत!"

कुणाला काही कळेना. त्याचे गुडघे व्हर्नाशिवाय कुणी बघितलेच नव्हते. आम्ही दर वेळी मान खाली घालत होतो.

तिनं जाऊन त्याची हनुवटी उचलली. एका डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, दुसरी काळीभोर पसरलेली. लेव्हन तिच्याकडे बघून म्हणाला, "मिस व्हर्ना, दिवे लावा ना." दुपारचे सव्वातीन वाजले होते. मग तो तिच्या एप्रनवर कोसळला.

डोक्यात आत रक्त साकळलं होतं, हे पुढे कळलं. आधी रुग्णवाहिका आणि मग हेलिकॉप्टर त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात घेऊन गेलं. सामना तिथेच थांबला, पण घरी कुणी गेलं नाही. फ्रीसांनी माइक हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. माझ्या मागे टरफलं कचकचली. वळून बघते, तर हार्लन दोन बाकांच्या मधे गुडघ्यांवर. आर्डिथ मात्र ताठ बसलेली, डोळे सताड उघडे, त्या रिकाम्या उंचवट्यावर खिळलेले.

व्हर्नानं मॅनेजरला धुण्याच्या खोलीत बोलावून सांगितलं, "मला कालपासून माहीत होतं." तो उलट्या टोपलीवर बसला. "मला शुक्रवारपासून शंका होती," तो म्हणाला. "विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

सोमवारी दुपारी मी डबा घेऊन तिच्याकडे गेले. मशिनं बंद होती. व्हर्ना मांडीवर एक पँट घेऊन बसली होती. रुग्णवाहिकेतल्यांनी कापून काढलेली, एका बाजूनं फाटलेली. दोन्ही गुडघ्यांवर लाल डाग.

"ही धुवू की नको, सांग," ती म्हणाली. "धुतली आणि तो गेला, तर? नाही धुतली आणि तो आला, तर?"

मी तिच्या शेजारी बसले. डब्यातलं अन्न गार झालं. भिंतीवरच्या फोनकडे आम्ही दोघी बघत होतो आणि तो वाजू नये असंही वाटत होतं.

चारच्या सुमाराला वाजला. व्हर्ना उठेना. मी उचलला. लेव्हनची आई होती, अलाबामाहून रातोरात आलेली. शुद्धीवर आलाय. आईला ओळखलं. बोलताना अडखळतोय. चेंडू आता विसरायचा, असं डॉक्टर म्हणाले. "आणि त्या धुणाऱ्या बाईंना विचारायला सांगतोय," ती म्हणाली, "त्याची टोपी कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. व्हर्ना रडली नाही. टोपी तिच्या एप्रनच्या खिशातच होती. तिनं ती काढून कोरड्या टोपलीत ठेवली. मग नळ सोडला, पिवळ्या साबणाची वडी घेतली आणि पँटचा डावा गुडघा घासायला लागली. साबण दोनदा निसटला. डावा डाग पुरता निघेपर्यंत ती थांबली नाही.

उजव्याला तिनं पाणीसुद्धा लावलं नाही.