घाटंजीच्या दुकानात विश्वाची सुरुवात

मी यवतमाळच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. होस्टेलवर राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घाटंजीला घरी यायची. घरी म्हणजे आधी बाबांच्या दुकानात. बाजाराजवळच्या गल्लीत त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दहावीनंतर ते नागपुरात एका मेकॅनिकच्या हाताखाली काम शिकले होते, आणि पुस्तकातली सर्किटं त्यांना वाचता येत नसली तरी बिघडलेला सेट नुसता ऐकून ते रोग सांगत.

एका शुक्रवारी तास संपायला पाच मिनिटं उरली होती, तेव्हा आमच्या फिजिक्सच्या सरांनी सहज सांगितलं, की चॅनल नसताना टीव्हीवर ज्या मुंग्या दिसतात, त्यांतला थोडासा भाग, शंभरातली एखादी मुंगी म्हणा, विश्वाच्या जन्माच्या वेळची आहे. सुरुवातीला सगळं विश्व भट्टीसारखं तापलेलं होतं. त्या उजेडाचा थंड झालेला उरलासुरला अंश अजूनही चारी दिशांनी येतो आणि आपला अँटेना तो पकडतो. सर डस्टर झटकून निघून गेले. माझ्या मनात मात्र एकच, हे कधी एकदा बाबांना सांगते.

दुसऱ्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी मी ते सांगितलं. बाबा एका ब्लॅक अँड व्हाइट सेटचं मागचं झाकण काढून बसले होते. त्यांनी हातातलं डाग द्यायचं सोल्डरिंग यंत्र खाली ठेवलं.

"कोणत्या मुंग्या? ह्या?"

"ह्याच."

"अन् कधीच्या म्हणे?"

"तेराशे-चौदाशे कोटी वर्षांपूर्वीच्या."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वीस वर्षं झाले मी ह्याले बिघाड समजून राह्यलो न वं," ते म्हणाले.

मग ते उठले. दुकानाच्या मागच्या भिंतीला तीन फळ्या होत्या आणि त्यांवर दुरुस्त होऊन पडलेले सेट होते. कापसाचे ते दिवस वाईट होते. बियाणं महाग, फवारणी महाग, आणि बोंड भरायला लागलं की अळी. लोक टीव्ही दुरुस्तीला टाकून जात आणि न्यायला येत नसत. बाबा कोणाला आठवण करायला जात नसत. आठवड्यातून एकदा फडक्याने सगळ्यांवरची धूळ पुसत, एवढंच. त्या दुपारी त्यांनी ते सगळे सेट एकेक करून बोर्डाला जोडले, चॅनल नसलेल्या जागी बटण फिरवलं आणि आवाज वाढवला. नऊ पडद्यांवर एकदम मुंग्या वळवळायला लागल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. समोरचा चहावाला हातात गाळणं घेऊन आला. बाबा सगळ्यांना सांगत होते, "हे पाहा, हे सारं जग पैदा झालं तवाचं हाय. माह्या पोरीनं सांगतलं."

एक बाई आपला सेट झाला का हे विचारायला आली होती. ती म्हणाली, "भाऊ, ते पैदा झालं ते ठीक हाय. पण माह्या टीव्हीत बातम्या दिसतीन का नाही?"

बाबांचा एक मित्र दर शनिवारी बाजारासाठी घाटंजीला येई. बंजारा समाजाचा, जवळच्या तांड्यावरचा, कोरडवाहू कापसाचा शेतकरी. दोघं शाळेत एका बाकावर होते. आम्ही बौद्ध, ते गोर, म्हणजे बंजारा. पण शाळेच्या होस्टेलात दोघांनी एका ताटात जेवून पाच वर्षं काढली होती. मी त्यांना काका म्हणायची. ते बाबांना 'भिया' म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. बाबा त्यांना नुसतं 'अबे' म्हणत. बाजार आटोपला की काका दुकानात स्टुलावर बसत आणि शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत उठत नसत.

त्यांना मुंग्यांचं पटलं नाही.

"शून्यातून काई होत नसते, भिया. बी टाकल्याबिगर पऱ्हाटी उगवली असं कोणी पाह्यलं का?"

"पण मोठमोठे लोक सांगून राह्यले नं."

"मोठे लोक तर बियाण्याच्या पाकिटावर बी लय काही सांगतात."

मला काकांची बाजू घ्यावीशी वाटली. मी त्यांना सांगितलं की तुमच्यासारखं म्हणणारे शास्त्रज्ञही होऊन गेले. त्यांचं म्हणणं होतं की विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. ते पसरत जातं, पण मधल्या रिकाम्या जागेत थोडंथोडं नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून ते कायम सारखंच दिसतं.

काकांनी मांडीवर थाप मारली. "मी त्या पार्टीचा."

"पण काका, ती पार्टी हरली. ह्या मुंग्या सापडल्या अन् निकाल लागला."

"सगळ्यायनं मानला का निकाल?"

"बहुतेकांनी."

"बहुतेकांनी म्हणजे काही उरले हाय. मी त्यायच्यातला."

तेव्हापासून दर शनिवारी हाच विषय. बाबा महास्फोटाच्या, म्हणजे बिग बँगच्या, बाजूने, काका त्याच्या विरुद्ध, आणि मी आठवडाभर लायब्ररीत वाचून दोघांना पुरवठा करणारी. कधी फुगा फुगवून त्यावर पेनने ठिपके काढून दाखवले, की दीर्घिका एकमेकींपासून कशा लांब जातात. काकांनी तो फुगा नातवाला नेला. एकदा बाबा विहारातून आले आणि म्हणाले की भंतेजींना विचारलं, तर ते म्हणाले, जगाला सुरुवात आहे की नाही यावर गप्प राहिलेलंच बरं. काका हसून म्हणाले, "मंग तू काहून गप्प राहत नाहीस?" चहावाला सांगायचा, की शनिवारी त्याच्याकडे दोन-चार गिऱ्हाइकं जास्त येतात, ती हे ऐकायलाच.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. मी त्या आठवड्यात एका मासिकात नवीन लेख वाचला होता आणि कधी सांगते असं मला झालं होतं. काका आले. बसता बसता म्हणाले की वावर लाल झालं, कापसावर लाल्या रोग पडला, पानं हातात घेतली की चुरा होऊन राह्यली. बाबा "अरे रे" म्हणाले. मी ऐकलं, पण माझ्या कानात शिरलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला विश्वाचा शेवट सांगायचा होता.

मी सांगितलं. आधी वाटायचं की पसरणं कधीतरी थांबेल, सगळं पुन्हा एकत्र येईल आणि कदाचित पुन्हा सुरू होईल. पण आता दिसतंय की दीर्घिका उलट जास्त जास्त वेगाने दूर पळताहेत. हे असंच चाललं तर एकेक तारा विझत जाईल. नवे तारे व्हायला काही उरणार नाही. सगळं थंड, अंधार, आणि कोणी कोणाला दिसणार नाही इतकं लांब.

काकांच्या हातात बशी होती. ती त्यांनी चहा न पिता खाली ठेवली.

"मंग एवढं सारं मांडलं कायले?" ते म्हणाले.

तेवढ्यावर ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि गाडीला बराच वेळ असताना निघून गेले. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज नसतं सांगतलं तरी चाललं असतं, माय."

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्या वर्षांत आमच्या भागात एखादा कापसाचा शेतकरी न सांगता दिसेनासा झाला, की लोक त्याच्याबद्दल विचारायला घाबरत. चहावाल्यानेही विचारलं नाही. तिसरा शनिवारही तसाच गेला. रविवारी सकाळी बाबा जेवायला बसले, अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले आणि मोपेड बाहेर काढली. "चाल," मला म्हणाले. आईने काही न विचारता डब्यात पिठलं-भाकर भरून दिली.

रस्ताभर मी मागे बसून मनात एकच वाक्य घोकत होते, की ते सगळं खूप, खूप वर्षांनी होणार आहे. तांडा आला.

काकी दारात बसून तूर निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या. बाबांनी विचारलं, "हाय का?" त्यांचा आवाज ऐकून काकींना सगळं समजलं असावं. त्या घाईने म्हणाल्या, "हाय, हाय. वावरात हाय. बसा तुम्ही." मग हळू आवाजात पुढे बोलल्या, "चार दिवस बोलले नाही कोणासंग. जेवले बी नाही धड. मंग एक दिवस सकाळीच बैलं घेऊन गेले."

आम्ही बसलो नाही. बांधावरून चालत वावरात गेलो. निम्म्या वावरातली कापसाची पऱ्हाटी उपटून काठाला ढीग लावला होता. बाकीच्या निम्म्यात लाल पानांची झाडं तशीच उभी होती. काका मोकळ्या केलेल्या जागेत वखर मारत होते. बाबांना पाहून त्यांनी बैल थांबवले.

बाबा तडक त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या दंडाला धरून हलवलं. "अबे, तीन हप्ते झाले! माणसानं एखादा निरोप तर धाडावा!"

"काहून? काय झालं?"

"काय झालं म्हणते!" बाबा म्हणाले. ते तोंड फिरवून बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. काका मग म्हणाले, "वाईट गेले, भिया, चार-पाच दिवस. खोटं कायले सांगू. पण आता हाय मी."

मी पुढे झाले. घोकलेलं वाक्य निघालंच नाही, रडूच आलं. "काका, मी नव्हतं सांगायला पाहिजे," एवढं कसंबसं म्हणाले.

"तू कायले रडतं वं, पोरी? तुह्यामुळं नाही काही झालं. लाल्या तू आणला का?" मग डोक्यावरचं फडकं काढून त्यांनी तोंड पुसलं. "पण एक सांग. ते सारं थंड होणार हाय, ते कधी?"

"लाखो कोटी वर्षांनी, काका. त्याहूनही जास्त."

"घ्या! अन् तू तर अशी सांगत होती का येत्या पोळ्याले." ते बाबांकडे वळले. "मले इथं पंधरा दिवसांत हरभरा पेराचा हाय. त्याच्यापुरती ओल हाय जमिनीत. तेवढं झालं का मंग तारे इझले तरी पाहू."

आम्ही तिघं बांधावर बसून जेवलो. जेवता जेवता काकांनी कबूल केलं, की वखर मारताना ते त्याचाच विचार करत होते आणि मी सांगितलेल्या लेखातली एक चूक त्यांना सापडली होती. सगळं एकमेकांपासून पळतं, तर आपली पृथ्वी सूर्यापासून का पळत नाही? मी सांगितलं, जवळच्या गोष्टी एकमेकींना ओढून धरतात, म्हणून त्या फाकत नाहीत. फक्त लांबच्याच लांब जातात. काकांनी भाकरीचा तुकडा मोडत मान हलवली. "हे बराबर हाय," ते म्हणाले. महास्फोटाच्या बाजूचं त्यांनी मान्य केलेलं ते पहिलं वाक्य.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या कॉलेजात एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले. मी दोघांना बोलावलं. बाबांनी लग्नासाठी ठेवलेला शर्ट घातला होता आणि काका पांढऱ्या धोतरात, डोक्याला फेटा बांधून आले होते. हॉलमध्ये ते दोघं पहिल्या रांगेत बसले, कारण मागे बसायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शास्त्रज्ञ चांगलं बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा आमच्या वर्गातलं कोणी हललं नाही. काका उभे राहिले.

"साहेब, मी शेतकरी माणूस हाय. तुमचं समदं ऐकलं. फक्त एक सांगा. त्या स्फोटाच्या आधी काय होतं?"

मागून कोणीतरी हसलं. शास्त्रज्ञ हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, खरं सांगू? माहीत नाही. काहीजण म्हणतात, 'आधी' हा शब्दच तिथे लागू होत नाही. काहीजण म्हणतात, आधीही एक विश्व होतं. पण खात्रीने कोणालाच माहीत नाही."

काका खाली बसले आणि बाबांच्या मांडीवर जोरात चापट मारली. "पाह्यलं! एवढा शिकलेला माणूस, अन् सरळ सांगतो का माहीत नाही!" त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला वाटलं त्यांना बक्षीस मिळालंय.

परतीच्या एसटीत मीही होते. अर्ध्या वाटेवर गाडी पंक्चर झाली. सगळे उतरले, सावली शोधून बसले. बाबा आणि काका रस्त्याकडेच्या एका पुलाच्या कठड्यावर बसून पुन्हा सुरू झाले. बाबांचं म्हणणं, माहीत नाही म्हणजे महास्फोट खोटा असं होत नाही. काकांचं म्हणणं, माहीत नाही म्हणजे माझी पार्टी अजून उभी आहे. कंडक्टर आधी लांबून ऐकत होता, मग तिकिटांची पेटी काखेत मारून जवळ आला आणि मध्येच त्याने विचारलं, "पण पसरते म्हणता, तर पसरते कशात?" त्यावर दोघंही एकदम त्याला समजावायला लागले, दोन वेगवेगळ्या गोष्टी. चाक बदलून झालं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला. सगळे चढले, हे तिघं सोडून. शेवटी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काका, ते विश्व थांबीन तुमच्यासाठी, गाडी नाही थांबत!"

मी दोघांना हाताला धरून वर चढवलं. पुढच्या वर्षी काकांनी निम्म्या वावरात कापूस आणि निम्म्यात तूर घेतली. बरं गेलं ते वर्ष, फार नाही, पण बरं. त्या दिवशी एसटीत मात्र काका खिडकीशी बसले आणि पाच मिनिटांत झोपी गेले. बाबांच्या खांद्यावर त्यांचा फेटा टेकला होता. बाबांचा खांदा अवघडला असणार. पण घाटंजी येईपर्यंत ते हलले नाहीत.