कायसा कुणावर अवलंबून नाही

"मग गेल्या वर्षीची तुझी फी सरोवरातल्या माशांनी भरली वाटतं?"

"आई, फोनवरच्या कराच्या फॉर्मात विचारलं होतं, तू कुणावर अवलंबून आहेस का. मी म्हटलं, नाही. खोटं काय त्यात?"

मार्लिस हापालाने कॉफीचा मग आपटला. अमेरिकेतल्या डुलुथ गावात शाळेची बस चालवणारी ही बाई पोरांवर खेकसते तेव्हा मागच्या बाकापर्यंत चिडीचूप होतं. पण एकोणीस वर्षांची तिची लेक कायसा त्या बाकांवरची नव्हती.

नर्सिंग शिकता शिकता कायसा पिझ्झाच्या दुकानात काम करायची. पगारातून कापलेला कर परत मिळावा म्हणून तिने फोनवरच विवरणपत्र भरलं, स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलं आणि थोडे डॉलर पदरात पाडून घेतले. त्यामुळे तिला आश्रित दाखवणारं आईचं विवरणपत्र मात्र सरकारने परत धाडलं. लेक आश्रित म्हणून दाखवली, तरच तिच्या शिक्षणापोटी अडीच हजार डॉलरपर्यंतची करसवलत आईला मिळणार होती. वाचनालयात लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देणारे म्हातारे मास्तर म्हणाले होते, मुलीने दुरुस्ती पाठवली की झालं. आणि मुलगी तर अडून बसलेली.

अडून बसणं ती शिकली कुणाकडून, हे गल्लीत कुणीही सांगेल. नवरा गेल्यावर छपरावरचा बर्फ मार्लिस स्वतः उतरवायची. मनगट मोडलं तेव्हा शेजारच्या ऑर्विलने बटाटे-खिम्याचं गरम भांडं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात ब्लूबेरीचं गोड पक्वान्न भरून तिने ते परत केलं. उपकार घरात शिळा होऊ द्यायचा नाही, हा तिचा खाक्या. कायसाला बाळकडूच ते मिळालेलं: कुणापुढे हात पसरायचा नाही.

"तुझीच शिकवण पाळली, तर माझं चुकलं?" कायसा म्हणाली.

मार्लिस म्हणाली, हा नुसता कागद आहे, त्यात मानापमान कसला.

"कागदच ना? मग घरात कोट घालून का बसलीस?" कायसाचा आवाज उतरला. "तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडलीय. नवीन घ्यायचे पैसे माझ्या फीत घातलेस. मला ऑर्विलकाकांकडून कळतं, तुझ्याकडून नाही."

त्या ऑर्विलच्या तोंडाला कुलूप नाहीच, असं मार्लिस पुटपुटली.

"दुरुस्ती आत्ता पाठवते. फक्त एकदा म्हण, कायसा, मला गरज आहे. बस, एवढंच."

मार्लिसने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. खुंटीवरची बसची किल्ली काढली, आणि दार ओढून घेऊन बर्फात निघून गेली.