टेलरताईंचे चोख नकार

टेलरताई, हे वाचून रागवायचं नाही. रागावलात तरी आता लिहून झालंय, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

तर या टेलरताई कपडे अल्टर करायच्या दुकानात मागच्या खोलीत बसायच्या. बावीस वर्षं तीच बिनखिडकीची खोली, तीच मशीन, इस्त्रीची तीच वाफ. मग काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली आणि मालक म्हणाले, "गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलतात. महिन्यात शिकलात तर काउंटर तुमचा. नाहीतर बाहेरून माणूस आणतो." काउंटरला पंखा होता, खुर्ची होती, समोर रस्ता होता. ताईंनी मनावर घेतलं.

घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. त्यांनी थेट नकारापासून सुरुवात केली. "सगळे तिथंच घसरतात. अवघड ते आधी उरकून टाकू."

ताईंनी खाकी कागदावर खडूने आखणी केली. डू आणि नॉट ही दोन कापडं. जोडताना नॉटमधला 'ओ' आत दुमडायचा, दुमडला तिथे वर एक बारीक टाका. झालं डोन्ट. एकटा तो किंवा एकटी ती असेल, तर डझन्ट. वोन्टने मात्र घाम काढला.

"विल आणि नॉट जोडून वोन्ट? बाई, हे अल्टर नव्हे, कापडच बदललंय."

"बदललंय. कारणं विचारत बसू नकोस, पाठ कर. आणि वॉन्टशी गल्लत नको. ते 'हवंय', हे 'होणार नाही'."

महिना संपला तेव्हा ताईंचे सगळे नकार चोख बसले होते. होकाराला हातच लागला नव्हता.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. उद्या मिळेल का, त्याने इंग्रजीत विचारलं.

"इट वोन्ट बी रेडी."

परवा? "इट वोन्ट." निदान शुक्रवारी? ताईंच्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीतला ढीग आला. "आय कान्ट." पुढचा बुधवार निघाला, तेव्हा ताईंनी नुसती मान डोलावली.

मागून मालकांचे हातवारे चालले होते. ज्याला त्याला शुक्रवार सांगायचा, हा दुकानाचा शिरस्ता. गिऱ्हाईक जाताच ते पुढे आले. "अहो ताई, एकदा तरी हो म्हणा."

"हो अजून शिकवलेलं नाही, मालक."

मालकांनी कपाळाला हात लावला. "शुक्रवारपर्यंत बघतो. मग तुम्ही आत."

शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे काउंटरपुढे हमखास भांडणं. मालक सबबी घोकूनच उभे राहायचे. या शुक्रवारी, ताईंनी मान डोलावली होती ते पाचच जण आले, आणि पाचही जणांचे कपडे तयार. सात वाजता मालक बावचळून दाराकडे बघत होते.

"आज कुणी भांडायला कसं आलं नाही?"

"कुणाला बोलावलंच नव्हतं."

मालक "बसा मग तिथंच," म्हणाले आणि आत गेले.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "आता होकार घेऊ. त्याला नीट वही हवी. रविवारी दोघी जाऊन आणू."

"आणू की," ताई म्हणाल्या.

त्या रविवारी बाईंचा गुडघा धरला. पुढच्या रविवारी ताईंची नणंद आली. वही काही आणली गेली नाही.