सुकी थंडी

बोटाची मागची बाजू समोरच्याच्या कपाळाला लावून तो म्हणायचा, "अजून गरम हाय." चहाचा कप असो, भिंत असो की नव्या ओळखीचा माणूस, आधी बोट लावणार, मग बोलणार. माझ्या आईला हे मुळीच खपत नसे. "अरे, जिवंत माणूस गरमच असणार," ती म्हणायची. तो नुसती मान हलवायचा.

पनवेलच्या खाडीजवळ बर्फाचा कारखाना होता. तिथे तो मशीन चालवायचा आणि मी ऑफिसात होतो. घरंही शेजारी शेजारी. तो मूळचा उलव्याचा, आधी बोटीवर कोल्डरूम सांभाळलेला. आता पोट बर्फावर, पण बर्फाचं नाव काढलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

मागच्या पडवीत त्याने स्वतः एक पेटी बनवली होती. बाहेर फळ्या, आत पत्रा, मधे बुचाचा चुरा आणि भंगारातला कॉम्प्रेसर. बर्फ न घालता, पाण्याचा थेंब न सुटता आत गोठलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. त्याला तो 'सुकी थंडी' म्हणायचा. एका गॅसने थंडी पुरत नसे, दुसऱ्याने कॉम्प्रेसर तापत असे, म्हणून दोन्ही मिसळून तो प्रमाण जुळवत बसायचा. ती पेटी माणसाच्या लांबीची आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कधी गॅसच्या नळीचा सांधा गळायचा. "थोडा गॅस वरून घाल की," मी एकदा म्हणालो.

"नाय. दोनांतला हलका हाय तो आधी जातो. मागं काय ऱ्हायलं कुणाला ठावं? सगळा सोडायचा, पयल्यापासून भरायचा."

आणि खरंच, महागामोलाचा गॅस तो सोडून द्यायचा. आम्ही त्याला विक्षिप्त म्हणत होतो. तुम्हीही म्हटलं असतं.

मग एकदा पेटीवर हात ठेवून तो आपणहून बोलला. "मी बोटीवर व्हतो तवा आय गेली. मला तोंड दिसावं म्हणून तिला बर्फावर ठेवली. मी पोचलो तवर बर्फाचं पानी. तोंड सुजलेलं. डोलं मिटलं का तंच तोंड दिसतं. आधीचं आठवत नाय."

बर्फ आमच्याच कारखान्यातून गेला होता. त्यानंतर त्या पडवीत जायला मला भीती वाटू लागली.

आई मात्र त्याची थट्टाच करायची. "मला नको हं त्यात ठेवू, मला पंख्याचा वारा सोसत नाही." पण आजार वाढला तेव्हा तीच त्याला हळूच म्हणाली, "माझी लेक लांब आहे रे."

ती गेली ऐन वैशाखात. बहीण नागपुराहून निघाली होती आणि नेमका त्या सकाळी सांधा गळालेला. दारात बर्फाच्या लाद्या येऊन पडल्या. लोक त्याला सांगत होते, वरून गॅस घाल. त्याने सगळा सोडला आणि पहिल्यापासून भरायला घेतला. मला त्याचा भयंकर राग आला होता. शेवटी नळीवर दव गोठून पांढरं झालं. त्याने बोट लावलं, झाकण उघडलं आणि आम्ही आईला आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. आईचा चेहरा कोरडा होता, तिचा स्वतःचा होता. कपाळावर ती बारीक आठीसुद्धा, कुणीतरी पंखा लावल्यासारखी. बहीण गालावरून हात फिरवत राहिली.

दाराशी उभा राहून त्याने विचारलं, "बघू?" तो खूप वेळ बघत होता. मग म्हणाला, "हिचं ऱ्हायलं. मला वाटलं, हिचं बघून आयचं आठवंल."

त्या संध्याकाळी त्याने गॅस सोडून दिला. पुन्हा कधी भरला नाही. पुढे नोकरी सोडून उलव्याला गेला.

तो वारल्याचं कळलं तसा मी निघालो. मिठागरांच्या बांधावरून जमेल तेवढं घाईने गेलो, तरी सगळं आटोपलं होतं. त्याचं तोंड मला दिसलं नाही. मी चितेच्या राखेजवळ गेलो तशी त्याच्या भाच्याने मला दंडाला धरलं.

"पुडं नका जाऊ," तो म्हणाला. "अजून गरम हाय."

मी तिथूनच बोटाची मागची बाजू पुढे केली.