गंगापूर रोडचं नसलेलं झाड

भूतबित या विषयात माझी पाटी कोरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू लोक ओलांडत नाहीत, मी त्याचं सरबत करून प्यायलोय. धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा. अर्ध्या नाशिकला गाडी मी शिकवली. उरलेल्या अर्ध्याला आपल्याला गाडी येते असं वाटतं, एवढंच.

तर गंगापूर रोड. अशोक स्तंभावरून निघायचं, जुना गंगापूर नाका, आनंदवली, सोमेश्वर... पुढे गंगापूर गाव आणि धरण. म्हणायला राज्य महामार्ग, पण पूर्वी इतका अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर बैल एकमेकांच्या घरची चौकशी करून मगच पुढे जायचे. दोन्ही कडांना वड. मग रस्ता रुंद झाला आणि कडेचे वड जागचे न हलता मधे आले. काही तोडले, काही उपटून दुसरीकडे लावले, काही अजून रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांधून ट्रॅफिकमध्ये उभे आहेत. आम्ही शिकवणारे धडेच त्यांच्यावर घेतो — या वडाला थर्ड गिअर, त्या वडाला इंडिकेटर.

शबानाताई मूळच्या मालेगावच्या, नाशिकला नव्या. नवऱ्याचं अंबडच्या कारखान्यातलं काम सुटलेलं. एका शाळेला व्हॅनवर बाई ड्रायव्हर हवी होती. ताईंकडे लायसन्स होतं, हात बसलेला नव्हता, म्हणून माझ्याकडे आल्या. ही नोकरी नाही मिळाली तर बिऱ्हाड गुंडाळून परत मालेगाव, असं ठरलेलं.

आनंदवलीच्या अलीकडे रस्ता सरळ, मोकळा. तिथं आलं की बाई डावीकडे स्टिअरिंग घ्यायच्या, लांब वळसा, पुन्हा सरळ. दर वेळी.

"ताई, काय चुकवलंत?"

"सर, झाड आहे ना मधी."

"कुठंय?"

"आता गेलं ना मागं."

मी आरशात मागं पाहिलं. कारण तिथं वड होता. खरंच होता. ताई नाशिकला यायच्या कितीतरी आधी तोडलेला.

चहाच्या टपरीवर मित्र म्हणाला, "तुझाच पाय सवयीनं तुझ्या बाजूच्या ब्रेककडे जात असेल. ती बघते आणि वळते." पटलं. दुसऱ्या दिवशी मी सीटवर चक्क मांडी घालून बसलो, सत्यनारायणाला बसल्यासारखा. ताई वळल्याच.

ट्रायलच्या दुपारी मागच्या सीटवर शाळेचे सेक्रेटरी, दादासाहेब. जन्म आनंदवलीचा, बोलणं मोजकं. बसतानाच म्हणाले, "गाडी उगाच इकडं-तिकडं गेली तर मी पोरं देणार नाही."

मी ताईंच्या कानाशी लागलो, "आज झाड दिसलं तरी सरळ न्या."

"लागलं तर?"

"तिथं काही नाहीये हो."

"तुमाला नाही ना, सर."

ऊन असं की डांबरावर पापड भाजावेत. ती जागा आली. ताईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं... आणि सरळ.

काचेवर सावली आली. गाडीत एकदम गारवा. टपावरून खर्र... खर्र... पुढून मागेपर्यंत, कुणी दाट केसांतून फणी ओढावी तसं. पारंब्यांखालून गाडी काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. माझे दोन्ही पाय ब्रेकवर. गाडी थांबली तेव्हा पुन्हा लख्ख ऊन.

मी उतरून मागे गेलो. वर एक वायर नाही, केबल नाही. खाली गुळगुळीत डांबर.

परत आलो तर दोघंही तसेच बसलेले. दादासाहेबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. ती झटकायचं कारण मी विचारलं नाही.

"हात चांगला आहे तुमचा, बाई," ते म्हणाले. "सोमवारपासून या." मग जरा थांबून, "आणि आत पोरं असतील ना, तेव्हा वळूनच न्या."

शाळेची पिवळी व्हॅन आता रोज तिथं वळसा घेते. मागचे रिक्षावाले हॉर्न मारतात, शिव्या देतात... आणि तेही वळतात. वारा, भास, आम्हा तिघांना एकदम लागलेलं ऊन — सगळं लावून पाहिलं, बसत नाही. मी हल्ली शिकवायला पेठ रोडला जातो. कुणी विचारलं तर ट्रॅफिक सांगतो.