नकाशेवाल्यांनी पाणी प्यायचं नाही

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी शिव्यांची एक वही ठेवली होती. रोजच्या शिव्या त्यात घ्यायच्या नाहीत, खास नकाशेवाल्यांसाठी घडवलेल्या तेवढ्या घ्यायच्या, असा माझा नियम. 'तुझ्या माहेरावरून जावो हा रोड' ही मला सगळ्यांत आवडलेली. माझं माहेर वरठीचं, स्टेशनाजवळ, आणि रस्त्यापायी आमचं न्हाणीघर आधीच गेलेलं होतं. हे मी ती शिवी देणाऱ्या बाईला सांगितलं असतं तर तिचा सगळा जोर निघून गेला असता, म्हणून गप्प बसले.

मी भंडाऱ्याच्या नगर रचना कार्यालयात रचना सहायक आहे. म्हणजे विकास आराखडा तयार होत असताना उन्हात उभं राहून मोजायचं, पंख्याखाली बसून रेघा काढायच्या आणि दोन्हीकडं बोलणी खायची. लोकांचा राग मला कळतो. माणूस अर्धा जन्म घालून घर बांधतो आणि आम्ही त्यातून एक लाल रेघ ओढून जेवायला उठतो. पण राग कळतो म्हणून ऐकून घेता येतो असं नाही. मी मुळात तापट. समोरच्यानं एक म्हटलं की माझ्याकडं दोन तयार असतात.

आमचे साहेब मात्र थंड डोक्याचे. निवृत्तीला आलेले, अंगानं किरकोळ, आणि नियमांचे पक्के. जीप शाळेपाशी लावायची, कुणाच्या दारात नाही. कुणी खुर्ची दिली तरी बसायचं नाही. एकट्या माणसाशी बाजूला जाऊन बोलायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे गावात कुणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही. थंड पाण्याची कॅन आपली आपण न्यायची.

या नियमामागं एक टरबूज होतं. साहेब तरुण असताना एका गावात त्यांनी मोजणीच्या दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर बसून टरबुजाची एक फोड खाल्ली. पुढं हरकतींची सुनावणी झाली तेव्हा अख्ख्या गावाच्या अर्जांत ते टरबूज होतं. कुणी लिहिलं, साहेबांनी फोड खाल्ली म्हणून रेषा वाकली. कुणी लिहिलं, दोन टरबुजं जीपमध्ये ठेवली. एका अर्जात तर पोतं झालं होतं. 'तेव्हापासून,' साहेब म्हणायचे, 'मी घरीसुद्धा टरबूज खात नाही.'

साकोलीच्या पुढं महामार्ग सोडून आत गेलं की एक गाव लागतं. ते साकोली शहराच्या नव्या हद्दीत आलं आणि त्याचा रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता सरळ असता तर काही अडलं नसतं. पण मधोमध एक वळण होतं आणि वळणावर दोन घरं समोरासमोर. एका बाजूला जुन्या धान शेतकऱ्याचं मोठं घर, पुढं ओटा, ओट्यापुढं हातपंप, ज्याला इकडं सगळे बोरिंग म्हणतात. दुसऱ्या बाजूला छप्पन साली बौद्ध झालेल्या कुटुंबाचं घर. दारावर पंचशील ध्वज, पुढची एक खोली नवी, विटांची, अजून गिलावा न झालेली. रेषा इकडं सरकली की खोली जाणार, तिकडं सरकली की ओटा.

खोलीवाल्या घरात एक विधवा मावशी आणि तिचा मुलगा. मावशी बोलकी. पहिल्याच दिवशी तिनं मला सगळं सांगून टाकलं. पोराचं वनरक्षकाच्या भरतीत नाव लागलं, धावण्यात पहिला आला, आता फक्त पोलिसांची पडताळणी बाकी आहे. 'कागद आला का पोरगं नागझिऱ्याच्या जंगलात साहेब होते पाहा,' ती म्हणाली. घरात पगार येणार, तोही पहिल्यांदाच. आम्ही मापं घेत होतो तेवढा वेळ ती तेच सांगत होती आणि तो पोरगा लाजून मागं मागं सरत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन भयंकर होतं. शाळेपासून निघालो तेव्हा आमच्या शिपाईकाकांच्या हातून कॅनचा नळ उघडा राहिला आणि सगळं पाणी जीपच्या तळाशी. काकांनी रिकामी बाटली बोरिंगवर भरली आणि साहेबांना दिली. बोरिंग सार्वजनिक, तेव्हा नियम मोडत नव्हता. साहेब तिथंच उभं राहून गटागट प्यायले. उभे कुठं होते? तर त्या शेतकऱ्याच्या ओट्यासमोर. आणि शेतकरी ओट्यावर बसलेला, हसत.

मी इकडं तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून. लोक त्याला दुर्बीण म्हणतात. मावशी ताटलीत दोन गिलास घेऊन आली.

'घ्या बाई, मघापासून पाहून राहिली. तोंड लाल झालं तुमचं.'

'नको मावशी.'

'माठाचं हाये, थंडं.'

'नको म्हटलं ना!'

डोक्यात एक आकडा धरून ठेवला होता आणि तो निसटला, म्हणून मी खेकसले. साहेबांचा नियम सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी दिलं नाही. घसा तर असा सुकला होता की ते दोन्ही गिलास मी एका दमात संपवले असते.

मावशी ताटली घेऊन तशीच उभी. मुलगा आतून आला.

'मॅडम, साहेब तिकडं पाणी पिले. आमी पाहिलं. तिकडचं चालते, आमच्या घरचं काहून नायी चालत?'

'ते बोरिंगचं होतं.'

'बोरिंग कोनाच्या दारात हाये?'

पाणी नाकारण्याचा अर्थ तिथं कुणाला सांगावा लागत नव्हता. मला तर नाहीच नाही. आमचं घरही त्याच साली बौद्ध झालेलं. माझे वडील लहानपणी ओंजळ पुढं करून, वरून ओतलेलं पाणी प्यायले आहेत, आणि ते सांगताना अजूनही ते ओंजळ करून दाखवतात. एक वाक्य पुरलं असतं. 'दादा, मी तुमच्यातलीच आहे, आमचा नियमच तसा आहे.' वाक्य जिभेवर आलंही. पण तोवर समोरच्या घरचे पाच-सहा जण रस्त्यावर आले होते आणि मला त्यांचं उत्तर आधीच ऐकू येत होतं. तरीच! मॅडम त्यांच्यातल्या, म्हणून रेषा आमच्या ओट्यावर. आराखडा तिथंच मेला असता. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की आपण कोण ते न सांगण्याची मला सवय लागली होती आणि ती मला सोयीची होती. कार्यालयात कुणी माझं पूर्ण नाव विचारलं की मी गाव सांगून मोकळी व्हायचे.

मी गप्प राहिले. समोरून कुणीतरी म्हणालं, 'दादागिरी कायले करून राहिला बे?' त्यावर पोरगा वळला, म्हणणारा पुढं आला, धक्काबुक्की झाली आणि तिपाई आडवी. साहेब यंत्र उचलायला वाकले. पोरानं खोलीजवळच्या ढिगातला विटेचा तुकडा उचलला आणि फेकला. कुणाला मारायचा होता, ते त्यालाही माहीत नसावं. लागला साहेबांना. कपाळावरून रक्ताची धार चष्म्यावर आली. मावशीच्या हातातले दोन्ही गिलास कधी पडले, कळलं नाही.

साकोलीच्या दवाखान्यात साहेबांना टाके पडले. टाके घालताना ते म्हणाले, 'यापेक्षा टरबूज परवडलं.' मी हसले आणि हसता हसता रडले. साहेबांवर माझा फार जीव होता.

सरकारी कामात अडथळा, मारहाण. तक्रार देणं भागच होतं. साहेबांनी मला विचारलं, 'मी वाकलो होतो, मला काही दिसलं नाही. तुला दिसला का कोण ते?'

नाव घेतलं असतं तर पडताळणीचा कागद आलाच नसता. वनरक्षकाची नोकरी तिथंच संपली असती.

'नाही,' मी म्हणाले. 'गर्दी होती.' ठाण्यातही तेच सांगितलं. समोरच्या घरचे लोकही का कोण जाणे, 'आमचं लक्ष नोतं' म्हणाले. तक्रार अज्ञात इसमाविरुद्ध झाली.

रविवारी मी साकोलीपर्यंत बसनं आणि पुढं काळी-पिवळीत बसून त्या गावी गेले. खरं सांगते, शाबासकी घ्यायला गेले होते. मनात सगळं ठरलेलं. मावशी डोळे पुसणार, पोरगा पाया पडायला वाकणार, मी 'राहू दे, राहू दे' म्हणणार.

मावशीनं खाट दाखवली. मुलगा दाराला टेकून उभा. मी सांगितलं, घाबरू नका, मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. पोरानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मावशीनं विचारलं, 'तुमाले दिसला होता का हा?'

'हो.'

'मंग काहून नायी सांगितलं?'

आता सांगायला काय हरकत, असं वाटलं. किती दिवसांनी मी घरची बोली बोलले. 'मावशी, मीबी बौद्धाचीच पोरगी आहो. वरठीची. आपलंच पोरगं, म्हटलं, कायले नोकरी घालवा त्याची.'

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

'मंग पानी नोको म्हटलं तवा आमी आपले नोतो का?' ती म्हणाली. 'दुसरी कोनी असती तं मी म्हटलं असतं, जाऊ द्या, तिले का समजते. तुले तं माहीत होतं.'

साहेबांचा नियम, टरबूज, कॅनचा उघडा नळ, सगळं माझ्यापाशी होतं. त्यातलं काहीही मला तिच्यापुढं ठेवता आलं नाही. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ती मुलाकडं वळली. 'उद्या जाऊ भंडाऱ्याले. त्या मानसाचं कपाळ फुटलं. तू जाऊन सांग का ईट मी मारली.'

'आई, नोकरी जाईल.'

'गेली तं गेली. लपून राह्यचं शिकवलं नायी तुले.'

हे ती त्याला म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास दोघं कार्यालयात आले. पोरगा साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला आणि एका वाक्यात म्हणाला, 'साहेब, ईट मी मारली.' साहेबांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला, त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'नेम चांगला आहे. पुढच्या वेळी हरकतीचा अर्ज लिहून आण, तोही असाच नेमका.' मग खुर्ची दिली. तक्रार अज्ञाताविरुद्धच राहील, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं. पोरगा टेबलावर डोकं टेकून रडला. साहेब त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

नंतर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. 'तुला दिसला होता?'

मी हो म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं, सगळ्या कार्यालयासमोर. मी कोण, पाणी का घेतलं नाही, आणि तेव्हा का बोलले नाही. शिपाईकाका म्हणाले, 'आमाले वाटतच होतं.'

तो पोरगा आता नागझिऱ्याच्या बाजूला वर्दीत फिरतो. रेषा शेवटी दोन्हीकडून थोडी थोडी गेली आणि अर्धा ओटा, अर्धी खोली पाडली. विटेची माफी त्याला दोन मिनिटांत मिळाली. माझी मिळाली का, हे मावशीला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.