कूलरचं तेल आणि मागचे ब्रेक

आमच्या घरात जे काही किरकिरतं, त्याला मी तेल घालतो. दाराच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या आणि उन्हाळा लागला की कूलरची मोटर. कूलरला तेल घालता न येणाऱ्या माणसाला नागपुरात कोणी जावई करून घेत नाही. (मला घेतलं, म्हणजे बघा!)

यंदा किरकिरली ती कार. ब्रेक दाबला की मागच्या चाकांतून अशी किंकाळी निघायची की कॉलनीतली कुत्री आधी दचकायची आणि मग उत्तर द्यायची.

"गॅरेजवाल्याले दाखवा," माझी बायको शोभा म्हणाली. "रविवारी काटोलले भाच्याचं साक्षगंध आहे. असल्या बोंबलत्या गाडीत बसून मी माहेरी येत नाही. तिच्यापेक्षा बस बरी!"

हे मला परवडणारं नव्हतं. सासरी मी छाती फुगवून सांगून ठेवलं होतं, की माझ्या गाडीला आजवर मेकॅनिकचा हात लागलेला नाही. (खरंच होतं. म्हणून तर ती ओरडत होती!) थोरला जावई बसमधून उतरतोय, या नुसत्या कल्पनेनेच मला घाम फुटला.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, खरेदीसाठी सासरे आमच्याकडेच आले होते. त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि गल्लीत एक फेरी मारली.

"मामाजी, कोणत्या बाजूनं येते आवाज?"

"डावीकडून, जावईबापू. थांबा... उजवीकडून. आता तं दोन्हीकडून येऊन राहिला!"

निदान पक्कं झालं. शनिवारी मी मागची चाकं काढली आणि हातोडीने ठोकठोकून ब्रेकचे ड्रम उतरवले. आत काळी भुकटी साचली होती. तीच ओरडत होती. ती पुसून ड्रम परत बसवले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण आतले ब्रेकचे पट्टे मला फारच कोरडे वाटले, आणि कूलरच्या तेलाची बाटली हाताशीच होती.

"काय टाकून राहिले तिथं?" शोभाने खिडकीतून विचारलं.

"तेल."

"अहो, ते ब्रेक होय! कूलर नाही!"

"तुले त्यातलं काय समजते वं?" मी म्हणालो आणि दुसऱ्या ड्रममध्ये जरा जास्तच ओतलं.

सासऱ्यांना मागे बसवून पुन्हा फेरी मारली. आवाज गायब! गाडी थोडी उशिरा थांबत होती, पण अगदी शांतपणे. परत येऊन मी गाडी फाटकासमोरच्या चढावर आणली, हँडब्रेक ऐटीत ओढला आणि फाटक उघडायला उतरलो. हँडब्रेकसुद्धा मागच्याच चाकांना लागतो, हे मला माहीत होतं. आठवलं ते फाटकाची कडी काढताना.

वळून पाहिलं तर गाडी उलटी निघाली होती. आत सासरे कान देऊन बसलेले!

"मामाजी, उतरा!"

"बिलकुल आवाज नाही, जावईबापू!" त्यांनी खिडकीतून अंगठा दाखवला. "मस्त चालवून राहिले!"

"मी चालवून नाही राहिलो! मी इथं आहो!"

धडाम! समोरच्या हटवारकाकांचा कूलर स्टँडसकट डिक्कीवर कोसळला. पाणी, गवताच्या ताट्या, सगळं गाडीवर. सासऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. ते सावकाश दार उघडून उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता आला आवाज. मागूनच आला."

गाडी धक्के खात गॅरेजात गेली आणि रविवारी आम्ही बसने काटोलला. प्रत्येक स्टॉपवर बसचे ब्रेक किंचाळत होते, आणि मला ते ऐकून फार बरं वाटत होतं. स्टँडवर माझे मेहुणे घ्यायला आले होते.

"भाऊजी, गाडी कुठं हाय?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "त्यायनं तिचा आवाज बंद केला."

साक्षगंधाच्या मांडवात एक कूलर किरकिरत होता. सवयीने मी उठलो, तर अख्खा मांडव ओरडला, "तुम्ही बसा, जावईबापू! किरकिरू द्या त्याले!"

मी बसलो. कूलर दिवसभर किरकिरत राहिला, आणि मंडळी माझ्याकडे पाहत पोटभर जेवली.